अकरावी सायन्सच्या लॅबमध्ये पहिल्यांदा जाताना: एककं आणि मोजमापाची साधनं, पायरीपायरीने

दहावीपर्यंत मराठी माध्यम, शाळेतले प्रयोग बहुतेक सरांनीच टेबलावर करून दाखवलेले, आणि आता पुण्यातल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश. अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी याच वाटेने आले, पुढे फिजिक्समध्ये बीएस्सी केलं आणि नंतर प्रॅक्टिकलच्या बॅचेसही घेतल्या. दरवर्षी मुलं त्याच ठरावीक ठिकाणी अडतात. त्यात हुशार मुलंही असतात, कारण बॅच मोठी, वेळ थोडा आणि या बारीकसारीक गोष्टी शांतपणे समजावून सांगायला कुणाला सवड नसते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. साधन जे दाखवतं तेच वहीत लिहायचं. पुस्तकातलं उत्तर आधी पाहून त्याला जुळेल असं रीडिंग बसवायचं नाही. का, ते पुढे तापमापीपाशी आणि लंबकापाशी कळेल.

१. पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी काय जमवायचं

- फिजिक्स आणि केमिस्ट्रीची जर्नल्स. कॉलेजने सांगितल्याशिवाय घेऊ नका. काही ठिकाणी छापील जर्नल चालतं, काही ठिकाणी कोरंच लागतं.
- एक साधी दोनशेपानी वही, कच्च्या रीडिंगसाठी. ही सगळ्यात कामाची वस्तू.
- लॉग टेबल. बोर्डाच्या परीक्षेत कॅलक्युलेटर चालत नाही, म्हणून आकडेमोडीची सवय पहिल्या दिवसापासून लॉग टेबलवर करा.
- ग्राफ पेपर, टोकदार पेन्सिल, खोडरबर, ३० सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी.
- केमिस्ट्रीसाठी सुती एप्रन आणि एक जुना नॅपकिन. मोकळे केस बांधायला रबर, पायात बंद बूट किंवा चप्पल-सँडलऐवजी निदान बोटं झाकणारं काहीतरी.
- कॉलेजचं ओळखपत्र. बऱ्याच लॅबमध्ये साधन ताब्यात देताना ते ठेवून घेतात.

हे सगळं अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं. सकाळी दुकानं उघडताना जा, संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिथे जुनी पुस्तकंही मिळतात आणि ती घ्यायला हरकत नाही. फक्त पुस्तक २०१९ च्या आधीचं असेल तर एककांच्या व्याख्या त्यातून पाठ करू नका. पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलाचं वस्तुमान म्हणजे एक किलोग्रॅम, ही व्याख्या २० मे २०१९ पासून रद्द झाली. आता किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. अँपिअर, केल्विन आणि मोल यांच्या व्याख्याही त्याच दिवशी बदलल्या. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

२. एककं नीट लिहायला शिका

मूलभूत एककं सात: मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला. बाकीची सगळी त्यांच्यापासून तयार होतात. सातवीच्या पुस्तकात तुम्ही हे वाचलेलं आहे, त्यामुळे इथे फार थांबत नाही. गुण जातात ते लिहिताना आणि रूपांतर करताना.

आता सगळं इंग्रजीतून लिहावं लागेल, म्हणून चिन्हांचे नियम लक्षात ठेवा. किलोग्रॅमच्या चिन्हातली दोन्ही अक्षरं लहान लिपीतली. ‘के’ मोठा काढलात तर तो केल्विन होतो. मिलीसाठी लहान ‘एम’ आणि मेगासाठी मोठा ‘एम’. या दोघांत एकावर नऊ शून्यं इतक्या पटींचा फरक आहे, तेव्हा घाईत अक्षर कसंही गिरवू नका. न्यूटन, ज्यूल, पास्कल अशा माणसांच्या नावांवरून आलेल्या एककांच्या चिन्हाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत, पण पूर्ण शब्द लिहिताना पहिलं अक्षर लहान. चिन्हापुढे अनेकवचनाचा ‘एस’ लावायचा नाही आणि पूर्णविरामही द्यायचा नाही. केल्विनला अंशाचं वर्तुळ नसतं.

रूपांतरात घोडं पेंड खातं ते क्षेत्रफळ आणि घनफळाशी. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, हे सगळ्यांना येतं. पण एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर आणि एका घनमीटरमध्ये १०,००,००० घन सेंटिमीटर असतात, हे प्रश्न सोडवताना विसरलं जातं. लांबीच्या एककाचा घात जितका, तितक्या वेळा १०० ने गुणायचं.

सरावासाठी पुस्तकाबाहेर जायची गरज पडत नाही असं नाही. उलट बाहेरच चांगला सराव होतो. पावसाळ्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज येतं की खडकवासल्यातून इतके क्युसेक विसर्ग सुरू आणि चारही धरणांत मिळून इतके टीएमसी पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. त्याचा घन करा: सुमारे ०.०२८३ घनमीटर, म्हणजे २८.३ लिटर. तेव्हा १०,००० क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी मुठेत उतरतंय. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, ते झालं सुमारे २,८३२ कोटी लिटर. असे दोन-तीन आकडे पेपरात पाहून स्वतः रूपांतरित करा. विजेच्या बिलातलं युनिट म्हणजे किलोवॅट-तास, त्याचे ज्यूल करा. उत्तर ३६ लाख यायला हवं.

३. साधन हातात आलं की आधी तीन गोष्टी बघा

मोजायला लगेच सुरुवात करू नका. प्रत्येक साधनाबद्दल हे तीन प्रश्न, याच क्रमाने:

पहिला, हे जास्तीत जास्त किती मोजू शकतं? दुसरा, कमीत कमी किती मोजू शकतं? याला लॅबमध्ये लीस्ट काउंट म्हणतात, आपल्या मराठी पुस्तकात ते लघुतम माप आहे. तिसरा, काहीच मोजत नसताना हे शून्य दाखवतं का? दाखवत नसेल तर तो फरक म्हणजे झिरो एरर.

या तिन्हींची उत्तरं तक्त्याच्या वर लिहा आणि मगच तक्ता आखा. शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा लीस्ट काउंट उतरवून घेणं हा मोठा सापळा आहे. एकाच कपाटातल्या दोन व्हर्निअरचे लीस्ट काउंट वेगळे असू शकतात, आणि झिरो एरर तर प्रत्येक साधनाची स्वतःची असते.

४. व्हर्निअर कॅलिपर

साध्या पट्टीवर आपण मिलिमीटरपर्यंत वाचतो. त्याच्या दहाव्या भागापर्यंत जायची युक्ती पिअर व्हर्निये या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ मध्ये मांडली. ती एकदा समजली की सूत्र पाठ करावं लागत नाही.

मुख्य पट्टीवरचा एक भाग १ मि.मी.चा. सरकणाऱ्या छोट्या पट्टीवर दहा भाग असतात, पण ते दहा मिळून ९ मि.मी.च भरतात. म्हणजे छोट्या पट्टीचा एक भाग ०.९ मि.मी. दोघांत फरक ०.१ मि.मी., म्हणजेच ०.०१ सें.मी. हाच लीस्ट काउंट. आता छोट्या पट्टीचं शून्य मुख्य पट्टीच्या एखाद्या रेघेपुढे ०.६ मि.मी. गेलं असेल, तर पुढची प्रत्येक रेघ ०.१ मि.मी.ची तूट भरून काढत जाते आणि सहावी रेघ वरच्या एका रेघेशी तंतोतंत जुळते. कितवी रेघ जुळली, एवढंच आपण शोधत असतो.

रीडिंग घ्यायची रीत:

क) जबडे पूर्ण मिटवा आणि झिरो एरर पाहा. दोन्ही शून्यं समोरासमोर आली तर एरर नाही. छोटं शून्य उजवीकडे सरकलं असेल आणि तिसरी रेघ जुळत असेल तर एरर +०.०३ सें.मी. छोटं शून्य डावीकडे गेलं असेल तर जुळणारी रेघ दहातून वजा करायची. सातवी जुळली, तर १० उणे ७ म्हणजे ३, आणि एरर −०.०३ सें.मी. ऋण एरर असताना नुसतं सात धरून −०.०७ लिहिणं ही दर बॅचमध्ये होणारी चूक आहे.

ख) वस्तू जबड्यांत धरा. हलकी पकड पुरे, दाबायची नाही. स्क्रू घट्ट करून मगच डोळ्यासमोर आणा.

ग) छोट्या पट्टीच्या शून्याच्या लगेच डावीकडे मुख्य पट्टीवर काय आहे ते वाचा. समजा २.३ सें.मी. इथे छोट्या पट्टीची कडा बघायची नाही, शून्याची रेघच बघायची.

घ) जुळणारी रेघ शोधा. समजा सहावी. रीडिंग झालं २.३ + (६ × ०.०१) = २.३६ सें.मी.

च) झिरो एरर वजा करा, चिन्हासकट. एरर +०.०३ असेल तर २.३३. एरर −०.०३ असेल तर वजा ऋण म्हणजे अधिक, आणि उत्तर २.३९.

दोन शेजारच्या रेघा जुळल्यासारख्या वाटतात तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंच्या रेघा पाहा. खरी जुळणारी रेघ मध्ये ठेवली की दोन्हीकडची तफावत सारखी दिसते. डोळा रेघेच्या बरोबर वर हवा. तिरकं पाहिलं तर पॅरॅलॅक्समुळे शेजारची रेघ जुळल्याचा भास होतो.

गोळ्याचा किंवा दंडगोलाचा व्यास मोजताना एकदा आडवा आणि एकदा त्याला काटकोनात असा घ्या, कारण लॅबमधले गोळे वर्षानुवर्षं वापरून पूर्ण गोल राहिलेले नसतात. वरचे छोटे जबडे आतल्या व्यासासाठी आणि मागून बाहेर येणारी पातळ पट्टी खोलीसाठी. खोली मोजताना कॅलिपर भांड्याच्या काठावर सरळ उभा टेकला पाहिजे.

काही व्हर्निअरवर छोट्या पट्टीचे २० किंवा ५० भाग असतात. त्यांचा लीस्ट काउंट ०.०५ किंवा ०.०२ मि.मी. भाग मोजल्याशिवाय ०.०१ सें.मी. गृहीत धरू नका.

५. स्क्रू गेज

तारेची जाडी, काचपट्टीची जाडी यासाठी. स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की जितका पुढे जातो तो त्याचा पिच. पिचला गोल पट्टीवरच्या भागांनी भागलं की लीस्ट काउंट. पिच १ मि.मी. आणि भाग १०० असोत, किंवा पिच अर्धा मि.मी. आणि भाग ५० असोत, लीस्ट काउंट ०.०१ मि.मी.च येतो. फरक रीडिंगमध्ये पडतो. अर्ध्या मि.मी.च्या पिचमध्ये मधली अर्ध्याची रेघ उघडी पडली आहे की नाही हे बघायचं राहिलं, तर उत्तर थेट ०.५ मि.मी.ने चुकतं. म्हणून आधी पाच फेरे फिरवा, स्क्रू किती सरकला ते पाहा आणि पाचाने भागा.

स्क्रू नेहमी टोकाच्या रॅचेटने मिटवा. टक्‌टक् आवाज आला की थांबा. मधला मोठा भाग धरून आवळला तर तार चेपते आणि स्क्रूचे आटेही झिजतात. झिरो एरर इथेही तशीच: मिटवल्यावर गोल पट्टीचा तिसरा भाग आडव्या रेषेवर आला तर +०.०३ मि.मी., ९७ वा आला तर −०.०३ मि.मी.

आणखी एक, जे फार कमी जण पाळतात. जुन्या स्क्रूमध्ये आट्यांत फट पडलेली असते. उलट दिशेने फिरवायला लागल्यावर गोल पट्टी थोडी फिरते, पण स्क्रू जागचा हलत नाही. याला बॅकलॅश म्हणतात. उपाय सोपा आहे: प्रत्येक रीडिंग एकाच दिशेने फिरवत येऊन घ्या. पुढे गेलात तर चांगलं दोन-तीन फेरे मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने या.

एवढी काटेकोर काळजी कशाला, तर समजा तार ०.५० मि.मी. जाडीची आहे. ०.०१ ची चूक म्हणजे २ टक्के. पण तारेचं क्षेत्रफळ काढताना व्यासाचा वर्ग होतो, म्हणून तिथे चूक ४ टक्के होते. लांबी मीटरपट्टीने कितीही छान मोजली तरी ही चूक भरून निघत नाही. ज्या राशीचा घात मोठा, तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

६. काचेची भांडी

चंचुपात्रावरच्या रेघांवर विसंबू नका. त्या अंदाजासाठी असतात. मोजायला मोजपात्र, त्याहून अचूक हवं तर पिपेट आणि ब्युरेट.

ब्युरेटचं शून्य वर असतं आणि आकडे खाली वाढत जातात. मोजपात्राची सवय असलेल्यांची इथे गफलत होते. भरण्याआधी ब्युरेट त्यात घ्यायच्याच द्रावणाने विसळा, पिपेटही तिच्यात घ्यायच्या द्रावणाने. शंकुपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. ते द्रावणाने विसळलंत तर आत जास्तीचं द्रावण राहतं आणि टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याचं प्रमाण शोधणं, चुकतं. ब्युरेट भरल्यावर खालच्या तोटीत हवेचा बुडबुडा नाही ना ते पाहा आणि नरसाळं काढून ठेवा. त्यातून एक थेंब मागाहून पडला तरी रीडिंग बदलतं.

पाण्यासारख्या द्रावणाचा पृष्ठभाग मधे खोलगट दिसतो. त्याचा सगळ्यात खालचा बिंदू वाचायचा, डोळा त्याच पातळीला आणून, मागे पांढरा कागद धरून. पोटॅशियम परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा बिंदू दिसतच नाही, तिथे वरची कडा वाचतात. सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग एकाच पद्धतीने घेतलं की झालं.

पिपेट तोंडाने ओढू नका. रबरी फुगा मागून घ्या, नसेल तर मॅडमना विचारा. शेवटी टोकात राहिलेला थेंब फुंकून काढायचा नाही. टोक भांड्याच्या आतल्या बाजूला टेकवायचं, जेवढं उतरेल तेवढं उतरू द्यायचं. उरलेला थेंब पिपेट बनवतानाच हिशेबात धरलेला असतो.

७. तराजू आणि तापमापी

डिजिटल तराजू वापरताना आधी त्याची पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आहे का ते पाहा, रिकामं भांडं ठेवून शून्य करा आणि वरचा पंखा बंद करायला सांगा. वाऱ्याने शेवटचा आकडा नाचत राहतो. गरम वस्तू कधीही तोलू नका. दोन पारड्यांच्या तराजूची वजनं चिमट्यानेच उचला.

प्रयोगशाळेतली तापमापी घरच्या ताप बघायच्या तापमापीसारखी झटकायची नसते, आणि द्रवातून बाहेर काढूनही वाचायची नसते. फुगा भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. ती फुटली आणि आत पारा असेल तर हात न लावता लगेच शिक्षकांना सांगा.

आता पुण्याची गोष्ट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. चांगली तापमापी तेच दाखवते. तरीही जर्नलमागून जर्नल तपासताना मला १०० लिहिलेलं दिसायचं, कारण पुस्तकात १०० आहे. पुस्तक समुद्रसपाटीच्या दाबाबद्दल बोलतंय. तुमच्या तापमापीत ९८ दिसलं तर ९८ लिहा, शेजारी दाबाचं कारण लिहा. लॅबच्या भिंतीवर बॅरोमीटर असेल तर तोही वाचा. पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटर नसेल, ७१ च्या जवळपास असेल.

८. लंबक आणि स्टॉपवॉच

एक मीटरच्या लंबकाला एका दोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. बटण दाबताना आपल्या हाताला साधारण ०.२ सेकंदाचा उशीर होतो. एकच दोलन मोजलं तर चूक १० टक्के, वीस मोजून भागलं तर अर्धा टक्का. डिजिटल स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं म्हणून हाताचा उशीर कमी होत नाही.

लांबी दोरा बांधला आहे तिथपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, म्हणून गोळ्याची त्रिज्या व्हर्निअरने मोजून दोऱ्याच्या लांबीत मिळवा. झोका लहान ठेवा. घड्याळ गोळा मधल्या जागेवरून जाताना सुरू करा, टोकाशी नाही. मधे तो सगळ्यात वेगात असतो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो.

आणि घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हणू नका, ‘शून्य’ म्हणा. ‘एक’ पासून सुरुवात करून ‘वीस’ ला थांबलात तर दोलनं एकोणीसच होतात, आणि ‘जी’ची, म्हणजे या प्रयोगातून काढायच्या गुरुत्व त्वरणाची, किंमत १०.८ च्या आसपास येते. इतकं मोठं उत्तर आलं की आधी मोजणीवर संशय घ्या.

नीट केलेल्या प्रयोगात पुण्यात ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या जवळ उत्तर यायला हवं. ‘जी’ अक्षांशाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे बदलतो. ९.७ आलं किंवा ९.९ आलं तरी घाबरू नका, खोडू नका. त्या फरकाचं कारण दोन ओळींत मांडता आलं तर परीक्षक त्याचीच विचारपूस करतात.

९. कच्ची वही, जर्नल आणि सही

रीडिंग थेट पेनने कच्च्या वहीत. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवं लिहा, जुनं वाचता आलं पाहिजे. तीन रीडिंगपैकी एक फारच वेगळं आलं तर ते गुपचूप वगळू नका, चौथं आणि पाचवं घ्या. मग कळतं कोण चुकीचं होतं.

तक्त्याच्या डोक्यावर राशीचं नाव आणि एकक एकदाच लिहा, प्रत्येक आकड्यापुढे पुन्हा नको. सरासरी काढताना साधनाच्या मर्यादेपलीकडचे आकडे ठेवू नका. २.३६, २.३७ आणि २.३६ यांची सरासरी २.३६३३ येते, पण लिहायची २.३६. आणि पट्टीने मोजलेली लांबी बरोबर १२ सेंटिमीटर आली तर १२.० लिहा. त्या शून्यावरून कळतं की तुम्ही मिलिमीटरपर्यंत वाचलं आहे.

कच्च्या रीडिंगवर त्याच दिवशी, लॅब सोडण्याआधी सही घ्या. जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण करा. बारावीला फिजिक्समध्ये १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात आणि सर्टिफाइड जर्नल नसेल तर परीक्षेला बसताना अडचण येते. फेब्रुवारीत सगळ्या बॅचेसची जर्नल्स एकदम साठतात, तेव्हा सही मिळवायला शिक्षकांच्या मागे धावावं लागतं.

लॅबबाहेर मोजमाप पाहायचं असेल तर विद्यापीठाच्या आवारातली, आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं. जाण्याआधी त्या वर्षीच्या तारखा पाहून घ्या, आणि नारायणगावची एसटी सकाळी लवकरची धरा.